विश्लेषण : भूकंप मोजणारे रिश्टर भाकिताच्या विरोधात का होते?

कोयना असो वा किल्लारी, भूकंपाची बातमी आली की रिश्टर हे नाव येतेच. सोबत आज रात्री मोठा धक्का बसणार, असे सांगणारे संदेशही मोबाइलवर फिरू लागतात. भूकंप मोजण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या चार्ल्स रिश्टर यांना मात्र अशी भाकिते अजिबात मान्य नव्हती. असे का?

रिश्टर कोण होते?
त्यांचा जन्म २६ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, हॅमिल्टनजवळच्या शेतावर झाला. आईवडील विभक्त झाल्यावर आजोबांनी त्यांना सांभाळले आणि १९०९ मध्ये लॉस एंजेलिसला नेले. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९२० मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांना मानसिक आजाराने गाठले आणि उपचार घ्यावे लागले. पुढे कॅलटेक या संस्थेत त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. भूकंप हा त्यांचा विषय नव्हता. पण १९२७ मध्ये पासाडेना येथील भूकंप प्रयोगशाळेत काम मिळाले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य त्यातच गेले.

रिश्टर स्केल कसे तयार झाले?
तोपर्यंत भूकंप किती मोठा, हे पडझडीवरून ठरत असे. रिश्टर यांनी यंत्रावर उमटणाऱ्या कंपनांची उंची आणि भूकंपाचे अंतर यांवरून एकच आकडा काढण्याची पद्धत १९३५ मध्ये मांडली. तीव्रता एक अंकाने वाढली की कंपनाची उंची दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. ही दहाच्या पटीची मांडणी सुचवली ती त्यांचे ज्येष्ठ सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी, पण नाव एकट्या रिश्टर यांचे झाले. आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी सुधारित मापनपद्धत वापरतात, तरी बोलण्यात रिश्टरच राहिले.

दोघांना कोणता नियम सापडला?
हजारो नोंदी तपासल्यावर १९४० च्या दशकात दोघांना एक साधे प्रमाण दिसले. सहा तीव्रतेचा एक भूकंप होतो, तेव्हा पाच तीव्रतेचे साधारण दहा आणि चारचे साधारण शंभर होतात. यातून एक लोकप्रिय समजही खोटा ठरतो. लहान धक्के बसून गेले की मोठा टळतो, असे अनेकांना वाटते. पण सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला चारचे सुमारे हजार धक्के लागतील आणि प्रत्यक्षात बसतात शंभरच.

वाळूच्या ढिगाचा संबंध काय?
हे प्रमाण का दिसते, याचे एक उत्तर रिश्टर यांच्या मृत्यूनंतर आले. डॅनिश शास्त्रज्ञ पर बाक यांनी चाओ तांग आणि कर्ट विसेनफेल्ड यांच्यासह १९८७ मध्ये संगणकावरील वाळूच्या ढिगाचे उदाहरण मांडले. एकेक कण पडत गेला की ढीग आपोआप अशा उताराला पोहोचतो, जिथे पुढचा कण काहीच करणार नाही किंवा अर्धा ढीग खाली आणेल. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या मोजक्या. मोठ्या घसरणीला मोठे कारण लागत नाही. तीही एका कणापासूनच सुरू होते. या स्थितीला स्वयंसंघटित क्रांतिकता म्हणतात. जंगलातील वणवे आणि मेंदूतील पेशींचे संदेश यांतही तिचा शोध घेतला जातो.

भूगर्भातही ताण हळूहळू साठतो आणि खडक एका ठिकाणी सरकू लागतो. ती हालचाल तिथेच थांबेल की शेकडो किलोमीटर धावेल, हे सुरुवातीला कळत नाही. पृथ्वी हुबेहूब या ढिगासारखी वागते का, यावर मतभेद आहेत. पण एखाद्या भागात दीर्घकाळात धोका किती, हे सांगता येते. तारीख आणि वेळ सांगता येत नाही.

मग रिश्टर यांनी कशावर भर दिला?
इमारतींवर. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी झालेल्या भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. मुले घरी गेली होती म्हणून मोठा अनर्थ टळला. रिश्टर यांनी पुढे बांधकामाच्या कडक नियमांचा आग्रह धरला. त्यांनी केलेल्या जागृतीमुळे १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील अनेक सरकारी इमारतींवरचे पडू शकणारे शोभेचे बांधकाम काढण्यात आले. भाकिते करणाऱ्यांवर ते अत्यंत कडक शब्दांत टीका करत. त्यांच्या घराच्या दिवाणखान्यातही भूकंपमापक यंत्र होते.

रिश्टर यांचे निधन ३० सप्टेंबर १९८५ रोजी झाले. योगायोगाने बरोबर आठ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी हादरली. तो परिसर कमी धोक्याचा मानला जात होता. भूकंपाची तीव्रता होती सहाच्या थोडी वर. हजारो माणसे झोपेत दगावली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. त्या पहाटेची वेळ आधी कोणालाच सांगता आली नसती. भिंती कशा बांधायच्या, हे मात्र आधीपासून माहीत होते.