१७ सप्टेंबर आणि स्वामीजी

सुट्टी संपवून लातूरहून एस.टी.ने परत येताना नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीला विद्यापीठ लागतं. 'स्वामी रामानंद तीर्थ' हे नाव मी शंभरदा वाचलं असेल. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे म्हणा किंवा आळसामुळे, मला ते कुणी संत-महंत वाटायचे. आणि १७ सप्टेंबर म्हणजे झेंडावंदन उरकून रूमवर झोपायचा दिवस! यंदा लायब्ररीत त्यांच्याविषयी वाचलं आणि खरंच लाज वाटली.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचं मूळ नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. तरुणपणी ना. म. जोशी यांच्यासोबत कामगार चळवळीत काम केलं. मग हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय इथे शिक्षक झाले. संन्यास घेतला, पण हिमालयात नाही गेले, लोकांतच राहिले. १९३८ मध्ये निजामाने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपलं नांदेड-लातूर नाही! साडेपाचशेहून जास्त संस्थानांपैकी बहुतेक भारतात आली होती, निजामाला मात्र हैदराबाद वेगळं ठेवायचं होतं. त्या दिवशी स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. इकडे रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचाच वकील, हे वाचून मी चाटच पडलो. पण स्वामीजींचा लढा राजवटीशी होता, कुठल्या धर्माशी नव्हता. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सरदार पटेलांच्या पुढाकाराने भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

मला सर्वांत भावलं ते पुढचं. एवढं मोठं राज्य हाती आलं होतं, तरी स्वामीजींनी आग्रह धरला की हैदराबाद राज्यच विसर्जित करा, भाषेप्रमाणे लोकांना आपापल्या प्रांतात जाऊ द्या. १९५६ ला तसंच झालं आणि मराठवाडा मराठी माणसांत आला. नांदेडचं १९५० सालचं पीपल्स कॉलेजही त्यांच्याच प्रेरणेचं. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत ते गेले.

पुढच्या १७ सप्टेंबरला मी झेंडावंदनाला पहिल्या रांगेत असेन. तुम्हीही या, झोप काय रोजचीच आहे!