मोडशी, हैजा आणि गोव्याचा वैद्य

पोट बिघडून उलट्या-जुलाब सुरू झाले, की पणदऱ्यासारख्या गावांतील जुन्या माणसांच्या तोंडी ‘मोडशी’ हा शब्द येतो. १५६३ साली हाच शब्द गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात उतरला. ग्रंथाचा कर्ता होता वैद्य गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. त्याचे आईवडील मूळचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले. तेथे १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती झाले. ओर्ताने स्पेनमध्ये वैद्यक शिकून लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो गोव्यात आला. पुढे मुंबई बेटही त्याला पट्ट्याने मिळाले. तेथे त्याची बाग होती.

त्या काळी बारामती-इंदापूरचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. चौलला पोर्तुगीज आणि निजामशाही यांची शेजारशेती; कधी तह, कधी कुरबुर. तरीही बुऱ्हाण निजामशहा आजारपणात या फिरंगी वैद्याला अहमदनगरला बोलावून घेई. शहाला अरबी चांगली येत असे. ओर्ता त्याला रोगांची आणि औषधांची लॅटिन नावे सांगे, शहा त्याला अरबी नावे शिकवी. दरबारात अरब-इराणी हकीम होते, तसेच हिंदू वैद्यही होते. ओर्ता या सर्वांशी चर्चा करी आणि पटेल ते स्वीकारी.

ही साधी गोष्ट नव्हती. युरोपात तेव्हा ग्रीक ग्रंथांना डोक्यावर घेऊन इब्न सिनासारख्या मुस्लिम वैद्यांना कमी लेखण्याची लाट होती. ओर्ताने इब्न सिनाची बाजू घेतली. पण डोळ्यांना वेगळे दिसले, तर ग्रीक काय आणि अरब काय, कोणाचीही चूक दाखवायला तो कचरला नाही. मिरी, दालचिनी, वेलदोडा, अफू, धोतरा, आंबा अशा अनेक जिनसांची माहिती त्याने संवादरूपात लिहिली. त्यात स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो.

याच ग्रंथात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, युरोपीय वैद्याने केलेले अगदी सुरुवातीचे सविस्तर वर्णन आहे. नाडी क्षीण होते, घाम थंड पडतो, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात आणि धडधाकट माणूस दिवसभरात दगावतो, असे त्याने नोंदवले. इथले लोक या रोगाला मोडशी म्हणतात, पोर्तुगीज त्याचे ‘मोर्देशी’ करतात आणि अरबीत तो हैजा, हेही त्याने लिहून ठेवले. लक्षणे त्याने अचूक टिपली. मात्र शरीरातून जाणारे पाणी आणि क्षार भरून काढणे हे उपचाराचे मर्म वैद्यकाला उमगायला आणखी पावणेतीनशे वर्षे लागली. आज ओआरएसचे पाकीट नेमके तेच काम करते.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. दोनच वर्षांनी निजामशाही फौजेने चौलला वेढा घातला. मात्र ओर्ताच्या घरावर घाला आला तो स्वतःच्या माणसांकडून. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली.

ग्रंथ मात्र वाचला. १५६७ मध्येच अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापून झाला होता. अहमदनगरच्या दरबारात एका मुस्लिम सुलतानाने सांगितलेली औषधांची नावे त्यातून युरोपभरच्या वैद्यांपर्यंत पोहोचली.