बिनतारी विद्येचा साधक : मार्कोनी

पीपलरावांहून सोनकच्छकडे जाताना शेतांच्या मधोमध मोबाइलचे मनोरे उभे दिसतात. त्यांच्या पायथ्याशी यंत्रे असतात, कुंपण असते, कुलूप असते. माणूस मात्र बहुधा कोणी नसतो. तरीही ती यंत्रे अहोरात्र चालतात. वीज गेली अथवा उष्णता वाढली, तर त्याची वार्ता दूरच्या शहरातील कचेरीत आपोआप पोहोचते. जेथे यंत्र आहे तेथे माणूस नसावा आणि जेथे माणूस आहे तेथून यंत्राने आज्ञा पाळावी, ही व्यवस्था कशी उदयास आली हे जाणून घ्यावयाचे असेल, तर गुल्येल्मो मार्कोनी यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी एका सधन कुटुंबात झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयर्लंडची. विश्वविद्यालयाची पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही. परंतु विजेविषयीचे ग्रंथ ते अधाशीपणे वाचीत. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी विद्युत्-लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. या लहरींच्या द्वारे तारेवाचून संदेश धाडता येईल, या कल्पनेने तरुण मार्कोनींना झपाटले. घराच्या माळ्यावर त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

१८९५ साली त्यांनी जो प्रयोग केला, तो आमच्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली होय. संदेश धाडणारे यंत्र घरी आणि तो ग्रहण करणारे यंत्र टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरांवर. तेथे त्यांचा वडील बंधू अल्फोन्सो बंदूक घेऊन उभा होता. घरी कळ दाबली गेली आणि काही क्षणांत टेकडीपलीकडून बार ऐकू आला. संदेश पोहोचला होता! विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. संदेश धाडणे हे निम्मेच काम आहे. तो पोहोचला की नाही हे कळणे, हे उरलेले निम्मे. बंदुकीच्या त्या बाराशिवाय मार्कोनींना आपल्या यशाची खात्री कदापि पटली नसती.

स्वदेशी प्रोत्साहन न लाभल्यामुळे १८९६ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथील टपाल खात्याचे प्रमुख अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना साहाय्य केले. १८९७ साली त्यांची कंपनी स्थापन झाली आणि १८९९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी बिनतारी संदेशाने ओलांडली गेली.

पुढचे ध्येय होते अटलांटिक महासागर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास पोल्धू येथे प्रचंड प्रक्षेपक उभारण्यात आला. परंतु सप्टेंबर १९०१ मधील वादळाने तेथील खांब कोसळले. नोव्हेंबरात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील केंद्राचीही तीच गत झाली. तरी न डगमगता मार्कोनी न्यूफाउंडलंड बेटावर गेले आणि पतंगाला तार बांधून ती आकाशात सोडली. १२ डिसेंबर १९०१ रोजी, सुमारे ३,४०० किलोमीटरांवरून आलेले तीन टिंबांचे क्षीण ध्वनी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने कानांनी ऐकले, असे त्यांनी जगाला कळविले.

जगाने मात्र शंका घेतली, आणि ती अवाजवी नव्हती. ऐकणारे दोघेच, दोघेही एकाच पक्षाचे, कागदावर काहीच उमटलेले नाही! मार्कोनींनी या शंकेला वादाने नव्हे, प्रयोगाने उत्तर दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये ते ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर चढले. या वेळी संदेश कागदाच्या पट्टीवर उमटतील अशी योजना होती आणि जहाजाचा कप्तान साक्षीस होता. सुमारे २,५०० किलोमीटरांपर्यंत पूर्ण संदेश आणि ३,४०० किलोमीटरांपर्यंत एकेक अक्षर पट्टीवर उमटले. शिवाय, रात्री दूर जाणाऱ्या लहरी दिवसा मात्र हजार-अकराशे किलोमीटरांतच मंदावतात, हेही ध्यानी आले. काटेकोर नोंद ठेवली नसती, तर हे निसर्गरहस्य तेव्हा हाती लागले नसते.

येथे आपल्या देशाच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे न्यायाचे ठरेल. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली होती. १८९९ मध्ये त्यांनी पारा व लोखंड यांच्या साहाय्याने लहरी ओळखणारे साधन प्रसिद्ध केले, आणि १९०१ मध्ये मार्कोनींनी वापरलेले साधन त्याच जातीचे होते, हे पुढे संशोधकांनी निदर्शनास आणले. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी व जर्मन शास्त्रज्ञ ब्राउन यांना विभागून मिळाले. बसूंचे ऋण मात्र जगाने फार उशिरा मान्य केले.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ‘टायटॅनिक’ जहाज बुडाले. त्यावरील दोघे तारयंत्रचालक मार्कोनींच्या कंपनीचे सेवक होते. त्यांच्या हाकेमुळे ‘कार्पेथिया’ जहाज धावून आले व सातशेहून अधिक प्राण वाचले. त्याहून जवळ ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज होते. परंतु त्यावरील एकुलता एक चालक दिवसभराच्या श्रमानंतर यंत्र बंद करून निजला होता. हाक होती, पण ऐकणारा कान नव्हता. पंधराशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मोठ्या जहाजांवर रात्रंदिवस पहारा ठेवण्याचे नियम झाले.

मार्कोनींच्या विद्येचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आला तो १९२७ मध्ये. त्या वर्षी भारत व इंग्लंड यांमध्ये त्यांच्या पद्धतीची, लघुलहरींचा झोत एकाच दिशेने सोडणारी बिनतारी सेवा सुरू झाली. प्रक्षेपक होता पुण्याजवळ खडकी येथे, ग्राहक-केंद्र तेथून सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर दौंड येथे, आणि संदेशांची कचेरी मुंबईस! हा विस्तार हेतुपुरस्सर होता. जवळच बलाढ्य प्रक्षेपक गर्जत असेल, तर सातासमुद्रांपलीकडून येणारा क्षीण संदेश ऐकू कसा यावा? म्हणून दोहोंना दूर ठेवले. मुंबईतील कचेरीतून तारेवाटे सूक्ष्म प्रवाह खडकीस जाई. तो तेथील विद्युत्-कळ हलवी आणि ती कळ प्रक्षेपकाचे सामर्थ्य उघडी वा मिटवी. हुकूम मुंबईचा, शक्ती खडकीची! तथापि यंत्रांवर नजर ठेवण्यास खडकीस माणसे लागतच. आज ते कामही मापक यंत्रांनी घेतले आहे. मनोऱ्याकडे किती शक्ती गेली, किती परत फिरली, उष्णता किती, हे सारे दूरच्या नियंत्रकास दिसते; आणि त्याच्याशी संपर्कच तुटला, तर प्रक्षेपकाने आपण होऊन बंद व्हावे, अशी तरतूदही करता येते.

२६ मार्च १९३० रोजी जेनोआ बंदरात आपल्या ‘एलेत्रा’ नौकेवर बसून मार्कोनींनी कळ दाबली आणि ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या नगरभवनात हजारो दिवे उजळले. दिव्यांची वीज अर्थात सिडनीचीच होती. इटलीहून गेली ती केवळ खूण.

थोरांचे चरित्र सांगताना उणे झाकू नये. मार्कोनी १९२३ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाले व अखेरपर्यंत त्या सत्तेच्या मानाचे धनी राहिले. ज्याने जगाला दूरचे ऐकावयास शिकविले, त्याने आपल्याच देशातील दडपलेले आवाज ऐकले नाहीत, ही खंत वाचकाच्या मनी राहतेच.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ अनेक देशांतील नभोवाणी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रे बदलतील, मनोरे बदलतील. परंतु आज्ञा देणाऱ्याने उत्तराचीही वाट पाहिली पाहिजे, आणि आपले म्हणणे खरे असल्यास त्याची नोंद दाखविण्यास सिद्ध असले पाहिजे, हा धडा जुना होणार नाही. हाक मारणे कोणासही जमते. जागे राहून ऐकणारा मात्र विरळा, आणि संकटसमयी त्याचीच गरज अधिक असते.