रुडॉल्फ फिरखो

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे एखाद्या माणसाचा अर्धा देह अकस्मात लुळा पडला, म्हणजे त्याच्या अंगावरून वारे गेले असे म्हणण्याचा प्रघात आहे. जुन्या वैद्यकातही या व्याधीस अर्धांगवायू असेच नाव आहे. गतवर्षी आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असता आमच्या आजोबांच्या हातातील करंडी गळून पडली, तोंड एका बाजूस ओढले गेले आणि त्यांना बोलता येईना. घरातील मंडळींनी अंगास तेल चोळले, जामसावळीच्या हनुमंतास नवस बोलला, आणि सकाळपर्यंत उतार पडेल या आशेवर रात्र काढली. दुसऱ्या दिवशी नागपुरास नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी मेंदूचे चित्र उजेडासमोर धरून समजावून सांगितले की, हृदयात धरलेली रक्ताची गुठळी वाहत जाऊन मेंदूच्या एका धमनीत अडकली आहे. ती विरघळविणारे औषध आहे, परंतु ते देण्याची वेळ टळून गेली आहे. हृदयातील गुठळी मेंदूत कशी पोचली आणि हे प्रथम कोणास कळले, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी एका जर्मन वैद्याचे नाव सांगितले. त्या नावाचा माग काढीत आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंड देशात मोडते. वडील शेती करीत आणि गावाच्या नगरपालिकेचे खजिनदारही होते. रुडॉल्फ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. घरची स्थिती बेताची असली तरी मुलाची बुद्धी तीक्ष्ण होती व भाषांची त्यास विशेष आवड होती. धर्मोपदेशक व्हावे असे त्याच्या मनात होते. परंतु आपला आवाज व्यासपीठास पुरणार नाही असे वाटून त्याने तो विचार सोडला, असे सांगतात. शाळा सोडताना त्याने लिहिलेल्या निबंधाचा विषय मोठा लक्षणीय होता. कष्टाने भरलेले आयुष्य हे ओझे नसून वरदान आहे, असे त्यात प्रतिपादन केलेले होते. शालेय निबंधांत आपण सर्वच असे काही लिहितो आणि निकाल लागताच विसरतो. या मुलाने मात्र तो निबंध पुढे साठ वर्षे आचरणात आणला.

१८३९ साली लष्करी वैद्यकाच्या संस्थेत विनामूल्य शिक्षणाची जागा मिळाल्याने तो बर्लिनला गेला व १८४३ मध्ये वैद्यकाचा पदवीधर झाला. नंतर शारिटे या प्रसिद्ध रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर फ्रोरीप यांचा तो साहाय्यक झाला. मृत्यूनंतर देह उघडून व्याधीचे मूळ शोधावयाचे, हे ते काम. ज्यास मुडदेघर म्हणून लोक नाक मुरडतात, त्या जागी या तरुणाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे शोध लावले.

त्या काळी अर्धांगवायूविषयी वैद्यांच्या कल्पना काय होत्या, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील व्हेप्फर या वैद्याने १६५८ सालीच असे दाखविले होते की, झटक्याने मेलेल्या रोग्याच्या मेंदूत पुष्कळदा रक्तस्राव झालेला असतो. रक्त मेंदूकडे जाण्याच्या वाटा बंद झाल्या तरीही असा झटका येईल, हेही त्याने ओळखले होते. पण वाट बंद कशाने होते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसचे क्रूव्हेल्ये हे या शास्त्रातील मोठे अधिकारी मानले जात. रक्तवाहिनीस सूज येते व त्या सुजेमुळे तेथल्या तेथेच रक्त गोठते, असे त्यांचे मत होते. नीलांची सूज हीच बहुतेक सर्व रोगांच्या मुळाशी आहे, येथवर त्यांची मजल गेली होती. फ्रोरीप यांनी आपल्या साहाय्यकास हाच विषय तपासावयास दिला. मोठ्या माणसाचे मत तपासून पाहण्याचे काम तेवीस वर्षांच्या मुलाकडे सोपवावे, यात फ्रोरीप यांचा मोठेपणा आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

फिरखो यांना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसू लागली. ज्यांच्या फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत गुठळी सापडे, त्यांच्या पायांच्या किंवा कटीच्या नीलांतही पुष्कळदा गुठळी असे. फुप्फुसाच्या धमनीची भिंत मात्र कित्येकदा अगदी निरोगी असे, सुजेचा मागमूसही नसे. मग ती गुठळी तेथे जन्मली कशी? फिरखो यांनी अनुमान केले की ती तेथे जन्मलीच नाही. ती पायात जन्मली, तुटली, रक्ताबरोबर हृदयात आली आणि पुढे फुप्फुसात जाऊन अडकली. हे केवळ अनुमान राहू नये म्हणून त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील नीलेत गोठलेल्या रक्ताचे व रबराचे तुकडे सोडले, आणि नंतर विच्छेदन करून तेच तुकडे फुप्फुसाच्या धमनीत सापडतात हे दाखवून दिले. रबरास सूज येत नाही आणि रबर शरीरात आपोआप उत्पन्नही होत नाही. तेव्हा ते वाहतच आले, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुक्या प्राण्यांवरील या प्रयोगांविषयी मनात खेद होतो, हे आम्ही लपवीत नाही.

१८४७ च्या सुमारास त्यांनी हाच विचार धमन्यांस लावला. हृदयाच्या डाव्या भागात किंवा त्याच्या झडपांवर गुठळी धरली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो फुप्फुसाकडे न जाता शुद्ध रक्ताबरोबर मूत्रपिंडात, प्लीहेत, हातापायांत किंवा मेंदूत जाणार. जेथे धमनी तुकड्यापेक्षा अरुंद होईल तेथे तो बुचासारखा बसणार, आणि पुढील भागास रक्त न मिळाल्याने तो भाग मरणार. मेंदूचा काही भाग मऊ पडलेला पूर्वीच्या वैद्यांनाही आढळत असे व त्याचे कारण ते बहुधा दाह समजत. पुष्कळ वेळा ती रक्तावाचून झालेली उपासमार असते, हे आता उमगले.

संत्र्याच्या बागा ज्यांच्या परिचयाच्या आहेत, त्या आमच्या वाचकांस हे समजण्यास अडचण पडू नये. बागेतील एक झाड मध्येच वाळू लागले, तर अजाण माणूस त्याची पाने आणि साल तपासीत बसतो. जाणता शेतकरी पाटाच्या कडेने उलट चालत जातो. विहिरीपाशी पडलेला गवताचा पुंजका वाहत येऊन दांडाच्या तोंडाशी अडकलेला असतो, आणि आळ्यात थेंबही पोचत नसतो. हल्ली ठिबकच्या नळीत खडा अडकतो, इतकाच काय तो फरक. फिरखो हे पाटाच्या कडेने उलट चालत गेलेले वैद्य होत.

जागच्या जागी धरणाऱ्या गुठळीस थ्राँबस आणि वाहत जाऊन अडकणारीस एंबोलस, ही नावे त्यांनीच शास्त्रात रूढ केली. १८५६ मध्ये त्यांचे या विषयावरील लेख एका मोठ्या ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाले. रक्तवाहिनीच्या भिंतीस इजा होणे, रक्ताचा वेग मंदावणे, आणि खुद्द रक्तातच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही गुठळीची तीन कारणे आज फिरखो यांचे त्रिकूट म्हणून जगभरचे वैद्यकाचे विद्यार्थी पाठ करतात. गंमत अशी की, असे सुटसुटीत त्रिकूट त्यांनी स्वतः कोठे मांडलेले नाही. त्यांच्या लेखनातून ते पुढील पिढ्यांनी वेचून काढले. आजोबांच्या बाबतीत दुसरे कारण घडले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत, त्यामुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून राही, आणि साचलेल्या रक्तास गोठावयास वेळ मिळे.

येथे फिरखो यांच्या चरित्रास एक वेगळेच वळण लागते, आणि आमच्या मते तोच त्यातील सर्वांत हृद्य भाग आहे. १८४८ च्या आरंभी अप्पर सायलेशिया प्रांतात दुष्काळ व प्रलापक ज्वर यांनी कहर मांडला. सरकारने पाहणीसाठी या तरुण डॉक्टरास तिकडे पाठविले. तेथील बहुसंख्य गरीब प्रजा पोलिश बोलणारी होती, कारभार व शिक्षण मात्र जर्मन भाषेत चाले. सरकारास औषधांची यादी अपेक्षित असावी. फिरखो यांनी परत येऊन लिहिले ते असे की, या रोगाचे मूळ दारिद्र्यात, अज्ञानात आणि लोकांवर लादलेल्या कारभारात आहे. तेव्हा लोकांस स्वराज्य द्यावे, गरिबांवरील कर उतरवावेत, रस्ते करावेत, शेती सुधारावी, आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेस कारभारात व शिक्षणात स्थान द्यावे. राज्यसीमेच्या या बाजूस राहून मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या आम्हांस ही शेवटची सूचना वाचून किती आपलेपणा वाटला, ते सांगावयास नको. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली होती. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल; पण दोघेही दुखण्याचे मूळ दुखणाऱ्या जागेपासून दूर शोधीत होते.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात बर्लिनमध्ये क्रांतीचा उठाव झाला, तेव्हा फिरखो मोर्चेबंदीत सामील झाले. याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. शासनाचा रोष ओढवला, सवलती गेल्या, आणि १८४९ मध्ये त्यांनी बर्लिन सोडून वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाची वाट धरली. ही हद्दपारी शास्त्राच्या पथ्यावर पडली. तेथील सात वर्षांत त्यांनी पेशींचा अभ्यास केला. प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच निपजते व रोग म्हणजे पेशींतील बिघाड होय, हा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि १८५६ साली मानाने बर्लिनला परत आल्यावर १८५८ मध्ये त्यावरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या सिद्धान्ताचे श्रेय रेमाक या सहकाऱ्यासही द्यावयास हवे होते; ते फिरखो यांनी पुरेसे दिले नाही. १८४७ मध्ये त्यांनी एका मित्रासह सुरू केलेले संशोधनाचे नियतकालिक त्यांच्या नावाने आजही निघते.

१८५९ पासून मृत्यूपर्यंत ते बर्लिनच्या नगरसभेत निवडून येत राहिले. शहरातील भुयारी गटारे व स्वच्छ पाणी यांसाठी त्यांनी अविश्रांत झटून काम केले. प्रशियाच्या विधिमंडळात ते बिस्मार्कचे कट्टर विरोधक होते. एकदा, १८६५ मध्ये, बिस्मार्कने चिडून त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आणि ते युद्ध झाले नाही. जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा व डोळ्यांचा रंग त्यांनी शिक्षकांकरवी नोंदवून घेतला, आणि शुद्ध जर्मन वंशाची कल्पना किती पोकळ आहे हे दाखवून दिले. पुढे त्याच देशात त्याच पोकळ कल्पनेने काय अनर्थ केला, हे इतिहासाच्या पुस्तकात आहेच.

एवढा मोठा माणूस चुकलाच नाही असे मात्र नाही. बाळंतिणींच्या ज्वराचा संसर्ग वैद्यांच्या अस्वच्छ हातांनी पसरतो, हे व्हिएन्नाच्या सेमेलव्हाइस यांनी दाखविले, तेव्हा फिरखो यांनी ते दीर्घकाळ मानले नाही. त्यांच्या शब्दाचे वजन एवढे की, त्या विरोधाने कित्येक मातांचे अहित झाले असेल. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला, तेव्हाही ते साशंकच राहिले. क्रूव्हेल्ये यांचे मत तपासणारा तरुण आता स्वतः क्रूव्हेल्ये झाला होता.

गुठळीविषयी त्यांनी जे सांगितले, त्यावर उपाय मिळावयास मात्र फार काळ लागला. १९१६ मध्ये अमेरिकेतील मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. त्यातून पुढे हेपरिन आले. मेंदूतील गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ होतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ मधील युरोपीय अभ्यासाने ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या धमनीतील गुठळी काही निवडक रोग्यांत तारेच्या साहाय्याने ओढून काढता येते, आणि त्यासाठी वेळ याहून अधिक मिळू शकतो. परंतु झटका रक्तस्रावाचा असेल तर हेच विरघळविणारे औषध घातक ठरते. म्हणून आधी मेंदूचे चित्र काढणे अपरिहार्य असते. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहून जवळ. तोंड वाकडे होणे, एक हात न उचलणे, बोली अडखळणे, यांपैकी काही दिसताच गाडी काढली तर साडेचार तासांत तेथे पोचणे अशक्य नाही. आमच्या घरी त्या संध्याकाळी गाडी होती, ती जुंपून ठेवावी तशी अंगणात उभी होती.

फिरखो यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षीही काम थांबविले नव्हते. ४ जानेवारी १९०२ रोजी, ट्राम पुरती थांबण्यापूर्वीच ते घाईने खाली उतरले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर ते पूर्ववत झालेच नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

हे चरित्र लिहून झाल्यावर आम्ही ते आजोबांस वाचून दाखविले. त्यांना अद्याप थोडेच शब्द उच्चारता येतात. पाटाचा भाग आला तेव्हा त्यांनी डावा हात उचलून विहिरीकडे बोट दाखविले, आणि तो भाग पुन्हा वाचावयास लावला.