अंगणातील शाळा

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचा एक विस्तीर्ण तलाव आहे. भोवती रानाने झाकलेल्या टेकड्या आहेत आणि नागझिऱ्याचे अभयारण्यही तेथून फार दूर नाही. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी या पाण्यावर उतरतात. चैत्रात मोहाची फुले गळू लागली, की या भागातील स्त्रीपुरुष पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन रानात जातात. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली, म्हणजे तर दिवसभर घरी कोणी मोठे माणूस सापडणे कठीण. मग घरी राहिलेली तीन-चार वर्षांची मुले काय करतात? म्हातारी आजी ओसरीवर बसलेली असते आणि मुले समोरच्या अंगणात खेळत असतात. ती ओल्या मातीची चूल मांडतात, पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर खड्यांचा भात वाढतात, काठीचा घोडा करून दौडतात.

मोठ्या माणसांना वाटते, की ही मुले नुसता वेळ घालवीत आहेत. परंतु त्या अंगणातच मुलांची खरी शाळा भरलेली असते, हे ओळखणारी एक थोर स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव ताराबाई मोडक. आज आपल्या गावोगावी अंगणवाड्या आहेत. बोदलकशाच्या बाजूच्या खेड्यांतही आहेत. मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी आपले पहिले गाणे तेथेच म्हटले असेल. या अंगणवाडीची कल्पना ज्यांच्या कार्यातून आकाराला आली, त्या ताराबाईंची ही कथा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. मुलींना शिकवू नये असे मानणारे लोक त्या काळी घरोघरी होते. पण केळकरांच्या घरी तसे नव्हते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे कृष्णराव मोडक या वकिलांशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात, अमरावतीस राहावयास आल्या. हा संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ साली तो मोडला आणि लहानग्या मुलीची सारी जबाबदारी ताराबाईंवर येऊन पडली. त्या काळच्या स्त्रीवर असा प्रसंग येणे म्हणजे केवढे संकट, याची कल्पना आज आपल्याला येणार नाही. ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले आणि त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

राजकोटला असतानाच त्यांच्या कानी भावनगरच्या एका अजब शाळेची वार्ता आली. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी आपली चांगली चाललेली वकिली सोडून तेथे १९२० साली लहान मुलांचे बालमंदिर सुरू केले होते. या बालमंदिरात छडी नव्हती, भीती नव्हती आणि पाठांतराचा गोंगाटही नव्हता. गिजुभाईंना भरघोस मिशा होत्या. म्हणून लोक त्यांना कौतुकाने मिशीवाली आई म्हणत. इटलीतील विदुषी मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब कामकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह उघडले होते. मूल आपल्या हातांनी, डोळ्यांनी, स्पर्शाने शिकते, त्याला शिकवण्यापेक्षा शिकू द्यावे, हा त्यांचा विचार गिजुभाईंनी उचलला होता. ताराबाईंना तो मनापासून पटला. १९२३ साली मानाची आणि बऱ्या वेतनाची जागा सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे संघाच्या शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे काम ताराबाईंनी पाहिले. भावनगरची वर्षे संपवून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था उभी केली.

शिशुविहारातील खोल्या पाहण्यासारख्या होत्या. मुलांच्या उंचीची कपाटे, लहानशा खुर्च्या, घासूनपुसून ठेवलेली लाकडी साधने अशी तेथील व्यवस्था होती. मुंबईतील सुशिक्षित आईबाप आपली मुले तेथे आनंदाने पाठवीत. ताराबाईंनी एवढ्यावर थांबावयाचे ठरविले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु एक शल्य त्यांना बोचत होते. ही साधने महाग होती, शहरी होती. आणि देशातील बहुतेक मुले तर खेड्यांत राहत होती. ज्या मुलाच्या घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्याच्यापर्यंत हे शिक्षण कसे पोहोचावे? महात्मा गांधींच्या शिक्षणविषयक विचारांचाही त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. त्या वयात माणसे विसाव्याचा विचार करू लागतात. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका पुण्यातील नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आली. अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. त्यांचे लग्न अगदी लहानपणी झाले होते आणि तेराव्या वर्षीच त्यांना वैधव्य आले होते.

बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी थाटली गेली आणि ताराबाईंच्या वीस-बावीस वर्षांच्या अनुभवाची खरी परीक्षा आता सुरू झाली. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. येणार तरी कशी? चार वर्षांचे पोर एकटे एवढे अंतर चालून जाणार नाही. आई मजुरीवर गेलेली. आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर धाकटा भाऊ. त्याला टाकून तिने कोठे जावे? शिवाय ज्यांना गावाने पिढ्यान्पिढ्या दूर लोटले होते, त्यांच्या मनात गावातील इमारतीची पायरी चढण्याचे भय होते.

अशा वेळी बहुतेक संस्थाचालक म्हणतात, की लोकांनाच शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. त्यांनी आपल्याच योजनेतील चूक शोधली. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीत एखादे सोयीचे अंगण पाहावयाचे, ते झाडून स्वच्छ करावयाचे आणि तेथेच बालवाडी भरवावयाची. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीत अंगणातील बालवाड्या, अशी ही रचना होती. ज्या बाईंनी आयुष्याची उमेदीची वर्षे सुंदर खोल्या सजविण्यात घालविली, त्यांनी उतारवयात भिंती सोडल्या. आपल्याच हातांनी केलेले काम बदलणे सोपे नसते. मला तर त्यांच्या साऱ्या चरित्रात हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

अंगणात लाकडी साधने नव्हती. त्यांची उणीव भासलीही नाही. शिंपले, गोटे, पाने, बिया, चिकणमाती, बांबूच्या कांबी ही साधने फुकट मिळत आणि हरवली तरी कोणी रागावत नसे. लहानमोठे गोटे क्रमाने लावताना मुलांना आकार कळला. चिंचोके मोजताना संख्या कळली. खरबरीत आणि गुळगुळीत पाने हातांत घेताच शब्दांचे अर्थ आपोआप उमगले. आधी मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. खेळाला कोणी टाकाऊ मानीत नसे. वस्तीतील आयाबाया काम करता करता हे पाहत आणि आपल्या मुलाला एवढे येते हे पाहून त्यांना नवल वाटे.

आता येथे थोडे थांबून विचार करू. बाहेर खेळल्याने लहान मुलाला असे काय मिळते, जे घरात बसून मिळत नाही? घरातील जमीन सपाट असते. अंगणात, शेताच्या बांधावर, नदीच्या वाळूत ती उंचसखल असते. तेथे धावताना मुलाला प्रत्येक पावलागणिक तोल सावरावा लागतो आणि पायांचे, कमरेचे, पाठीचे स्नायू न सांगता बळकट होतात. सकाळच्या उन्हात त्वचेमध्ये ड जीवनसत्त्व तयार होते. हाडे बळकट होण्यास त्याची गरज असते. घरात दृष्टी चार हातांवरील भिंतीला जाऊन अडते. बाहेर ती झाडाच्या शेंड्यावर, आकाशातील घारीवर जाते. दिवसाच्या उजेडात बराच वेळ घराबाहेर घालविणाऱ्या मुलांना दूरचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, असे अलीकडील संशोधनातही आढळून आले आहे. दिवसभर खेळलेल्या मुलाला भूक सपाटून लागते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप येते, हे तर कोणत्याही आईला ठाऊक असते.

पण शरीराचीच ही गोष्ट नाही. लगोरी रचताना तीन मुलांना एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते. लपंडावात राज्य आले, म्हणून रुसून घरी जाणारा भिडू दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत येतो. किती उंच फांदीवरून उडी मारावी, हे मूल प्रथम बेताच्या फांदीवर चढून, थोडे खरचटून घेऊन ठरविते. हा अंदाज त्याला दुसऱ्या कोणी देऊ शकत नाही. खोल पाणी, विहीर, रहदारीचा रस्ता यांपासून त्याला जपलेच पाहिजे. बोदलकशासारख्या तलावाच्या काठी तर मोठ्या माणसाची नजर हवीच हवी. परंतु गुडघा फुटेल म्हणून जे मूल अंगणातही सोडले जात नाही, त्याचे फार मोठे नुकसान होते. जर्मनीतील फ्रेबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या बालशाळेला मुलांची बाग असे नाव दिले होते. पुढे त्या नावाच्या अनेक शाळांतून बाग नाहीशी झाली आणि बाके तेवढी उरली, ही गोष्ट वेगळी.

बोर्डीतील कामाला दहा-अकरा वर्षे झाल्यावर ताराबाई आणि अनुताई त्याच तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेल्या. हा सारा वारली आदिवासींचा मुलूख. सावकार आणि जमीनदार यांच्या जाचाने गांजलेले हे लोक परक्या माणसाला पाहून दाराआड होत. कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी आणून ताराबाईंनी विकासवाडी उभी केली. धाकट्या भावाला पाळणाघरात ठेवून मोठी बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. बोर्डीला सुचलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे पुरे झाले.

तरीही काही मुले उरलीच. ती रोज सकाळी गुरे घेऊन रानात जात आणि दिवस मावळता परतत. गुरे राखली नाहीत तर घरचे पोट कसे चालावे? ही मुले शाळेत येणे शक्य नव्हते. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताईंनी अंगणाच्याही पुढे पाऊल टाकले. गुरे जेथे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. शिक्षक मुलांबरोबर माळावर जात. गुरे चरत असत आणि झाडाच्या सावलीत मुले खडे मांडून हिशेब करीत, अक्षरे काढीत, गाणी म्हणत. एखादी गाय शेतात शिरू लागली, की एक जण धावत जाऊन तिला वळवून आणी आणि धडा पुढे चालू होई. या मुलांना झाडे, पाखरे, पावसाची चिन्हे यांची जेवढी माहिती होती, तेवढी शहरातून आलेल्या शिक्षकाला नसे. त्यामुळे कुरणशाळेत शिकणे दोन्हीकडून चाले.

हे काम काही सुखासुखी झाले नाही. पैशाची तंगी नेहमीचीच. पावसात वाटा बुजत. सुगीत मुले गळत. बालवाडी म्हणजे पोरे सांभाळणे, त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे म्हणणारे शहाणेही थोडे नव्हते. ताराबाई वाद घालीत बसत नसत. आलेल्या पाहुण्याला त्या मुलांचे काम दाखवीत. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने सहा वर्षांखालील मुलांसाठी आणि त्यांच्या मातांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाईंना ते पाहावयास मिळाले नाही. अनुताईंना मिळाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत कोसबादच्या टेकडीवर त्यांचे काम चालू होते आणि पहाटे वारली पाड्यांवरून मुलांना हाक मारीत फिरणाऱ्या सेविका तेथे रोज दिसत.