कर्मवीर भाऊराव पाटील : गळणाऱ्या मुलांचा आधारवड

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट डोळ्यांपुढे येतो. निजामपुरा हा या शहराचा जुना भाग. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही तो आहे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणारी कष्टकऱ्यांची मुले या शहरात एकत्र वाढतात. घरात कमावते हात कमी पडले की त्यांतील एखाद्याचे दप्तर कोपऱ्यात जाते व कोवळे हात कामाला लागतात. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु आठवीनंतर काय, हा प्रश्न अनेक मातापित्यांपुढे उभा राहतोच. अशा वेळी ज्यांनी हाच प्रश्न आपले जीवितकार्य मानले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षणही अपुरेच राहिले. शाळेबाहेर पडलेल्या मुलाची व्यथा त्यांनी स्वतः अनुभवली होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखाना व किर्लोस्करांचे नांगर यांसाठी विक्रेता म्हणून गावोगाव भ्रमंती केली. या भ्रमंतीत त्यांना खेड्यातील दारिद्र्य व अज्ञान जवळून पाहावयास मिळाले. मूल हुशार असूनही शिकत नाही, याचे कारण अनेकदा त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या रिकाम्या पोटात असते, हे त्यांनी ओळखले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

1924 साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. पुढे 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत, एकत्र स्वयंपाक करीत, पाणी भरीत आणि शेतात राबत. मुलांची संख्या वाढत गेली, तसा खर्चही वाढला. घरात धान्य नसे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. ज्या मुलांना त्यांनी मातेच्या मायेने जेवू घातले, त्यांचे भवितव्य पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. या माउलीचा त्याग संस्थेच्या पायाशी आहे, असे आम्हांस वाटते.

भाऊरावांची दूरदृष्टी मुलाला केवळ शाळेत आणण्यापुरती नव्हती. शिकून पुढे काय करावयाचे, याचाही त्यांनी विचार केला. 1935 साली त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय काढले. वसतिगृहातील मुलगा शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जाई व दुसऱ्या मुलांना शाळेची वाट दाखवी. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण घेण्याची, म्हणजेच ‘कमवा व शिका’ ही योजना रुजली. 1947 साली त्याच तत्त्वावर साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. या योजनेत विद्यार्थी दयेचा याचक नव्हता. तो आपले शिक्षण आपल्या घामाने मिळवीत होता. त्यामुळे त्याचा स्वाभिमान शाबूत राहिला. याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आमच्या वाचकांस येथे संत जॉन बॉस्को यांची आठवण होईल. 1850च्या दशकात इटलीतील तुरीन शहरात ते आपल्या निराधार मुलांना काम शिकण्यासाठी धाडत, तेव्हा मालकाशी लेखी करार करीत व मुलास विश्रांती व चांगली वागणूक मिळेल याची हमी घेत. देश वेगळा, काळ वेगळा. परंतु गरीब मुलास निवारा, शिस्त, हुन्नर आणि आपुलकी या चारही गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत, हे दोघांनीही जाणले.

1959 साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण, तर पुणे विद्यापीठाने डी.लिट. पदवी देऊन गौरविले. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आजही त्यांच्या कार्याची साक्ष देते.

निजामपुऱ्यासारख्या वस्तीत आज शाळा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, औद्योगिक प्रशिक्षणाच्या वाटाही आहेत. उणीव असते ती त्या वाटेपर्यंत मुलाचा हात धरून नेणाऱ्याची. आठवी किंवा दहावीच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या एका मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलणे, त्याचा अर्ज भरून देणे, संध्याकाळी त्याला अभ्यासास जागा देणे, हे आपणां सर्वांस शक्य आहे. भाऊरावांनी सुरुवात मूठभर मुलांपासूनच केली होती. आपण एका मुलापासून करू या.