वॉली बायम: गाडीमागे घर जोडणारा माणूस, आणि ते घर रिव्हर्स कसं घ्यायचं

अमेरिकेत हायवेवरून जाताना एखादी चकचकीत चांदीसारखी, गोलसर कडांची ‘कॅप्सूल’ एखाद्या पिकअपच्या मागे धावताना दिसते. ती असते एअरस्ट्रीम ट्रेलर. आतमध्ये पलंग, ओटा, बाथरूम, सगळं. मी असाच २५ फुटी ट्रेलर ओढायला शिकलो, तेव्हा साहजिकच प्रश्न पडला की हे प्रकरण सुचलं कोणाला? त्या माणसाचं नाव वॉली बायम. आजच्या लेखात त्याची गोष्ट पाहू. ट्रेलर ओढण्यातलं आणि मागे घेण्यातलं तंत्रही सोबत समजून घेऊ.

गाढवाच्या गाडीपासून सुरुवात

वॉली बायमचा जन्म ४ जुलै १८९६ रोजी ओरेगन राज्यातल्या बेकर सिटीचा. पोरवयात तो मेंढ्या राखायचा. तेव्हा त्याचं घर म्हणजे गाढवानं ओढायची दोन चाकी गाडी. त्यात रॉकेलचा स्टोव्ह, पाणी, शिधा आणि अंथरूण. पुढे त्यानं काही वर्षं व्यापारी जहाजांवर काम केलं, काम करत करत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि लॉस एंजेलिसमध्ये जाहिरात आणि मासिकांच्या धंद्यात शिरला.

त्याच्या एका मासिकात ट्रेलर घरी कसा बनवायचा यावर लेख छापून आला. वाचकांच्या तक्रारी आल्या, कारण त्या आराखड्यावरून ट्रेलर नीट बनतच नव्हता. बायमनं स्वतः करून पाहिलं आणि वाचकांचं म्हणणं बरोबर निघालं. मग त्यानं स्वतःचा आराखडा काढायला घेतला.

त्याचा पहिला प्रयोग होता फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर बसवलेला तंबू. पाऊस आला की हाल. त्यात त्याच्या बायकोला, मॅरियनला, स्वयंपाकघराशिवाय प्रवास मान्य नव्हता. तेव्हा त्यानं दोन साधे पण महत्त्वाचे बदल केले. जमीन चाकांच्या मध्ये खाली उतरवली आणि छत वर नेलं. त्यामुळे माणूस आत ताठ उभा राहू शकला. १९३१ साली त्यानं कारखाना सुरू केला.

विमानाची युक्ती

हॉली बोलस नावाचा एक विमान-कारागीर होता. लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ बांधण्याच्या कामावर त्यानं देखरेख केली होती. त्यानं १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा, विमानाच्या धडासारखा ट्रेलर काढला. पण त्याचा दरवाजा पुढच्या टोकाला, म्हणजे जोडणीच्या दांड्यावर होता, आणि धंदाही टिकला नाही. बायमनं ती कल्पना घेतली, दरवाजा बाजूला नेला आणि १९३६ साली ‘क्लिपर’ बाजारात आणला. चार माणसं झोपतील एवढी जागा, पाण्याची सोय, विजेचे दिवे. किंमत १,२०० डॉलर. मंदीच्या काळात ही रक्कम मोठी होती, तरी मागणी आली.

यामागचं तंत्र सोपं आहे. आत जड सांगाडा आणि वर पत्रा, असं इथे नसतं. रिव्हेट मारलेला बाहेरचा पत्राच बराचसा भार पेलतो. वजन कमी होतं. गोल आकारामुळे वाराही कमी अडतो.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम सैन्याच्या कामाला गेलं. कारखाना बंद पडला आणि बायम विमान कारखान्यांत नोकरी करू लागला. युद्धानंतर तो परत आला. १९४७ मध्ये सायकलपटू आल्फ्रेड लेटुर्नेर चक्क सायकलनं ट्रेलर ओढतोय असा फोटो निघाला आणि जगभर गाजला.

त्या फोटोत दिसतं ते सपाट रस्त्यावर सरळ ओढणं. थांबणं, वळणं, घाटात उतरणं आणि मागे घेणं हे वेगळे विषय आहेत.

६३ निघाले, १४ पोचले

हे बायमला १९५१ मध्ये कळलं. त्यानं ट्रेलरवाल्या कुटुंबांना सोबत घेऊन मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेत काफिला नेला. ६३ ट्रेलर निघाले. चिखल, अरुंद रस्ते, मोडतोड. निकाराग्वाच्या मानाग्वा शहरापर्यंत फक्त १४ पोचले.

दुसरा कोणी असता तर त्यानं हा नाद सोडला असता. बायमनं उलट केलं. काफिले हीच आपली प्रयोगशाळा, असं त्यानं ठरवलं. रस्त्यावर जे मोडलं, ते कारखान्यात सुधारायचं. १९५२ मध्ये ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या गावात दुसरा कारखाना सुरू झाला. तिथे आजही हे ट्रेलर बनतात.

ओढताना काय सांभाळायचं?

इथे थोडं तंत्र पाहू. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे हिच बॉलवर बसतो. त्या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हवा. ३,००० किलोचा ट्रेलर असेल तर ३०० ते ४५० किलो. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं तर हा भार घटतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. यात गाडी उलटून जीव जाऊ शकतो.

डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताच्या कंट्रोलरनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लावायचे. ट्रेलर मागे खेचला जातो आणि सरळ होतो.

आणि रिव्हर्स?

पुढे ओढताना ट्रेलर आपोआप रांगेत येतो. मागे ढकलताना उलट होतं: थोडा वाकला की आणखी वाकत जातो. तळहातावर काठी उभी धरण्यासारखं आहे हे. ऊस कारखान्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली मागे लावणाऱ्या ड्रायव्हरला हे कोणी सांगायला नको.

गाडी मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. डोकं इथेच गरगरतं. मला शिकवलेली युक्ती अशी:

१. हात स्टिअरिंगच्या अगदी खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. आता हात डावीकडे सरकवला की शेपूट डावीकडे, उजवीकडे सरकवला की उजवीकडे.

२. ट्रेलर वळू लागला की स्टिअरिंग उलट फिरवून गाडी त्याच्या मागोमाग न्या. नाहीतर कोन वाढत जातो आणि मिटलेल्या चाकूसारखी घडी होते. यात बंपर आणि दांडा दोन्ही चेपतात.

३. कोन हाताबाहेर जातोय असं वाटलं की थांबा, थोडं पुढे या, सरळ करा, पुन्हा मागे घ्या. यात कमीपणा काही नाही.

४. शक्यतो ड्रायव्हरच्या बाजूनं मागे घ्या, म्हणजे खिडकीतून ट्रेलरची कड दिसते. शंका आली की उतरून बघा.

एक गंमत म्हणजे लांब ट्रेलर सोपा. तो सावकाश वळतो, विचार करायला वेळ देतो. छोटा ट्रेलर चटकन वाकतो.

केपटाऊन ते कैरो

बायमचा सगळ्यात गाजलेला काफिला १९५९ मध्ये केपटाऊनहून निघाला आणि १९६० मध्ये कैरोला पोचला. ४१ ट्रेलर, अख्खा आफ्रिका खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे. वाटेत इथिओपियाचे डोंगर होते, आणि अदिस अबाबात सम्राट हैले सेलासी यांची भेटही झाली. नऊ वर्षांपूर्वी मध्य अमेरिकेत अडकून पडलेल्या काफिल्याशी तुलना केली, तर यंत्र आणि माणसं दोन्ही किती शिकली होती हे दिसतं.

२२ जुलै १९६२ रोजी बायम गेला. वय ६६. नोव्हा स्कॉशियात १९५५ मध्ये त्याच्या नावानं सुरू झालेला क्लब आजही काफिले काढतो.

मला त्याच्यातलं एक आवडतं: त्यानं बनवलेली वस्तू तो स्वतः वापरायचा, तीही वाईटातल्या वाईट रस्त्यावर. तुम्ही कधी ट्रेलर भाड्यानं घेणार असाल, तर निघण्याआधी एक तास रिकाम्या पार्किंगमध्ये दोन शंकू ठेवून रिव्हर्सचा सराव करा. कॅम्पवर अंधारात पोचलात, पाऊस पडत असला आणि मागे झाड असलं, की तो एक तास कामाला येतो.